जीनोमच्या घड्यांची विदा आणि मुक्तस्रोत संख्याशास्त्रीय आज्ञावली : एक चिकित्सा

प्रस्तावना

मानवी पेशीतील सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात घड्या होऊन सामावलेला असतो. या घड्यांमुळे गुणसूत्रावर परस्परांपासून दूर असलेले भाग शेजारी येतात. अशा संपर्कांची संपूर्ण जीनोमभर नोंद करणारी ‘हाय-सी’ पद्धत २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ही विदा अभ्यासकांपर्यंत पोहोचविण्यात ‘आर’ या संगणकभाषेवर आधारलेल्या, २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘बायोकंडक्टर’ प्रकल्पाचा वाटा मोलाचा आहे. मात्र विदा उपलब्ध होणे आणि ती तपासता येणे यांत अंतर आहे.

विवेचन

हाय-सीचे फलित म्हणजे संपर्कांचा तक्ता. जीनोमचे दहा लाख बेस-जोड्यांचे तुकडे पाडल्यास सुमारे तीन हजार तुकडे होतात व तक्त्यात ४५ लाख घरे येतात. एक हजाराचे तुकडे पाडल्यास घरांची संख्या साडेचार लाख कोटींवर जाते. त्यातील बहुतांश घरे रिकामीच राहतात. म्हणजे तुकड्याचा आकार ठरविणे हाच मुळात एक संख्याशास्त्रीय निर्णय होय.

मानवी फुप्फुसातील आयएमआर-९० या पेशींची, २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेली विदा ‘बायोकंडक्टर’च्या पॅकेजमधून मिळते. आवृत्तिक्रमांक, माहितीपत्रक आणि चालवून पाहता येणारी उदाहरणे ही या व्यवस्थेची बलस्थाने आहेत. परंतु त्यात मूळ वाचने नसून तयार तक्ते आहेत. असे तक्ते अधिक स्थूल करता येतात, सूक्ष्म करता येत नाहीत. कोणती वाचने गाळली, हेही पुन्हा तपासता येत नाही.

दुसरा प्रश्न संतुलनाचा आहे. २०१२ पासून रूढ झालेली पुनरावर्ती संतुलन-पद्धती जीनोमचा प्रत्येक भाग प्रयोगात सारखाच दृश्यमान असावा, असे गृहीत धरते. कर्करोगाच्या पेशींत काही भागांच्या प्रती वाढलेल्या वा घटलेल्या असतात. तेथे हे गृहीतक डळमळते. केवळ संतुलित आकडे हाती आलेल्या वाचकास गृहीतकाचा परिणाम आणि पेशीचे वास्तव वेगळे करता येत नाही.

निष्कर्ष

अनुक्रमणयंत्र नसलेल्या महाविद्यालयालाही ही विदा वर्गात वापरता येते, हे मुक्तस्रोत परंपरेचे मोठे यश आहे. तथापि तक्त्याआधीची आज्ञावली, गाळणीचे निकष व असंतुलित आकडे सोबत नसतील, तर विद्यार्थी विश्लेषण शिकतो, चिकित्सा नव्हे. विदेबरोबर तिच्यामागील निर्णयही वाटले जातील, तेव्हाच हा खुलेपणा पूर्ण म्हणता येईल.