उन्हाळ्यातला चंद्र आणि पुस्तकातला चंद्र

उन्हाळी सुटीत मुलांना द्यायच्या उपक्रमांच्या यादीत 'चंद्राचे निरीक्षण' हमखास असते. 'महिनाभर रोज रात्री आठ वाजता चंद्र पाहा व चित्र काढा' अशी सूचना आणि खाली तीस कोरे गोल. जूनमध्ये वह्या परत येतात तेव्हा तीसही गोल रंगवलेले असतात. तपासणाऱ्याने तिथेच थबकायला हवे, कारण पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी रात्री आठला आकाशात चंद्र नसतोच. पुढचे जवळजवळ दोन आठवडे तो आठनंतर, मग मध्यरात्री, मग पहाटे उगवतो. म्हणजे अर्धे गोल मुलांनी आकाश न बघता पुस्तकातून उतरवले आहेत, आणि तसे करायला आपल्याच सूचनेने त्यांना भाग पाडले आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. हा फरक दिवसागणिक बदलतो. वहीत तो रोज नेमका ५० मिनिटेच आला असेल, तर ते गणित आहे, निरीक्षण नव्हे!

ज्या आकृतीवरून मुले नक्कल करतात तीही आपण नीट पाहायला हवी. मधोमध पृथ्वी, भोवती आठ चंद्र, एका बाजूने येणारे सूर्यकिरण. जुन्या-नव्या बहुतेक पुस्तकांत ही आकृती थोड्याफार फरकाने भेटते. तिच्यात पृथ्वी दोन सेंटिमीटरची काढली तर चंद्र साडेपाच मिलिमीटरचा हवा आणि तो ६० सेंटिमीटर दूर हवा. हे अंतर कोणत्याच पानावर मावत नाही, म्हणून चित्रकार चंद्राला पृथ्वीला चिकटवतो. मग पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या थेट मागे, जणू तिच्या सावलीतच बसलेला दिसतो. 'चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात' ही चुकीची समजूत मुलांत इतकी पसरलेली आहे, त्यात या आकृतीचा मोठा हात असावा असे आम्हांला वाटते. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हे वाक्य पुढच्या पानावर येते. पण डोळ्यांनी पाहिलेले चित्र ते पुसू शकत नाही.

दुसरा दोष आपल्याकडच्या मुलांना अधिक बाधतो. पुस्तकातली कोर कंसासारखी उभी असते. लंडनच्या अक्षांशावर ती बरीचशी तशी दिसते. अकोला जिल्ह्यातील पातूर सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे चैत्र-वैशाखात सूर्यास्ताच्या वेळी क्रांतिवृत्त पश्चिम क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभे असते, म्हणून सूर्य कोरीच्या जवळपास थेट खाली असतो आणि कोर होडीसारखी आडवी दिसते. भाद्रपद-आश्विनात तीच कोर चांगलीच कललेली दिसेल. मूल होडी काढून आणते आणि शिक्षक तिचा कंस करून देतात. अशा वेळी मूल जे शिकते ते चंद्राविषयी नसते; डोळ्यांपेक्षा छापील पान खरे, हे ते शिकते.

खरे तर वऱ्हाडातला उन्हाळा या कामासाठी सोयीचा आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी काही करता येत नाही. माणसे संध्याकाळी अंगणात, गच्चीवर येतात. सुरुवात पाडव्याच्या रिकाम्या गोलापासून नको, अक्षय तृतीयेच्या कोरीपासून करावी. तिथपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत चंद्र दिवे लागण्याच्या वेळी आकाशात सापडतोच. सूर्य मावळताना एक हात सूर्याकडे, दुसरा चंद्राकडे धरायला सांगा. तृतीयेला दोन हातांत सुमारे ३० अंशांचा कोन होतो, अष्टमीला काटकोन, पौर्णिमेला हात विरुद्ध दिशांना. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांमधले १२ अंशांचे अंतर, ही पंचांगातली व्याख्या मुलांच्या खांद्यांतून उतरते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोलशास्त्र शिकवताना अशा हातवाऱ्यांचा उपयोग कसा होतो, यावर काम करून २०११ मध्ये ते प्रसिद्ध केले. आकृतीआधी शरीर, हा क्रम आम्हांला पटतो.

पौर्णिमेनंतर मात्र वेळ बदला. निरीक्षण सकाळी सात वाजता, ऊन तापण्याआधी. वद्य सप्तमी-अष्टमीला चंद्र तेव्हा आकाशात चांगला वर असतो. उन्हात उभे राहून एक लिंबू त्याच्या दिशेने हात लांब करून धरावे. लिंबाचा जेवढा भाग उजळ दिसतो तेवढाच चंद्राचा दिसतो. पृथ्वीची सावली यात कुठेच येत नाही, आणि ते सांगावेही लागत नाही.

पातुरात आणखी एक भांडवल आहे. संकष्टीला उगवतीकडे चंद्राची वाट पाहणारी आणि रमजानच्या अखेरीस मावळतीकडे कोर शोधणारी माणसे याच गावात राहतात. कोर संध्याकाळी पश्चिमेलाच का, आणि वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री पूर्वेलाच का, हा प्रश्न मुलांनी घरी विचारावा. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत असते. ती मुंबईची असेल तर पातुरात चंद्र सुमारे पाव तास आधी यायला हवा, कारण गाव चार अंश पूर्वेला आहे. पण वेळ सपाट क्षितिजासाठी काढलेली असते. पातूरच्या दक्षिणेला घाटाचे डोंगर आहेत, आणि वैशाखातला पौर्णिमेनंतरचा चंद्र आग्नेयेकडून उगवतो. डोंगराआडून तो किती मिनिटे उशिरा डोकावतो, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते गावातल्या मुलांनीच गच्चीवरून घड्याळ लावून मोजायचे आहे. गल्लीगल्लीतून वेळा वेगळ्या येतील. त्या खोडू नयेत, फळ्यावर शेजारीशेजारी लिहाव्यात. ज्येष्ठात ढग येऊ लागले की ही मोजणी पुढच्या उन्हाळ्यावर जाते.