शीर्षक झाकून ऐकताना

मोबाइलच्या स्क्रीनवर ते नाव पूर्ण मावतच नाही. ‘मेरी टर्नर – अ‍ॅन अमेरिकन ट्रॅ…’ एवढंच दिसतं. बसमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही मेरी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. आवडलं, इतकंच. मग गूगल केलं. 1918 साली जॉर्जियात जमावाने तिच्या नवऱ्याला ठार मारलं. तिने उघड निषेध केला म्हणून जमावाने तिलाही मारलं. ती गरोदर होती. पुन्हा ऐकलं, तर तोच सॅक्सोफोन आता अंगावर येत होता.

आता सांगा, हलवलं कुणी? सुरांनी की शीर्षकाने?

इमॅन्युएल विल्किन्स 1997चा. फिलाडेल्फियाजवळच्या अप्पर डार्बीतला, चर्चमध्ये वाजवत मोठा झालेला, पुढे ज्युलियार्डमध्ये शिकलेला. 2020मध्ये ब्लू नोटने त्याचा पहिला अल्बम ‘ओमेगा’ काढला. निर्माता पियानोवादक जेसन मोरान. कौतुक इतकं झालं की मला आधी संशयच आला.

संशय अर्धा खरा निघाला. ‘ओमेगा’त ‘फर्ग्युसन’ही आहे, आणि दोन्हीकडे शीर्षक आपल्याला काय वाटायला हवं ते आधीच सांगून मोकळं होतं.

‘द सेव्हन्थ हँड’ (2022) मात्र ही कुबडी काढून घेतो. सात भाग. सातवा ‘लिफ्ट’ जवळपास 26 मिनिटांचा, आणि त्यात आधी लिहिलेलं काहीच नाही. मायका थॉमस, डॅरिल जॉन्स, क्वेकू सम्ब्री आणि तो, चौघं नुसते एकमेकांना ऐकत वाजवतात. मी दोनदा सहाव्या मिनिटाला स्किप केलं. (रील्सची सवय, दुसरं काय.) तिसऱ्यांदा दिवे बंद करून, फोन उलटा ठेवून ऐकलं. मधे काही जागा सैल आहेत, चक्क कंटाळवाण्या. पण आल्टो जेव्हा वर चढतो आणि ड्रम्स त्याला खाली येऊच देत नाहीत, तेव्हा कुठलीही माहिती लागत नाही. हेच चौघं ‘ओमेगा’तही होते. इतकी वर्षं एकत्र वाजवल्याशिवाय असं सोडून देता येत नाही.

‘ब्लूज ब्लड’मध्ये (2024) तो पुन्हा इतिहासाकडे वळतो. 1964मध्ये हार्लेममध्ये पकडलेल्या सहा पोरांपैकी डॅनियल हॅमच्या शब्दांवरून हे नाव आलंय. यात गायक आहेत, गणव्यासुद्धा. आवाज सुंदर आहेत, पण तक्रार आहेच: शब्द आले की आल्टो अदबीने मागे सरकतो. मला तो पुढे हवा होता.