टेक्स्ट एडिटरमधील भाषा-ओळख : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यासाठी टेक्स्ट एडिटर वापरले जातात. फाइल उघडताच ती कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे हे एडिटर ठरवतो व त्यानुसार शब्दांना रंग देतो, चुका दाखवतो. हा निर्णय कशाच्या आधारे होतो व तो कितपत विश्वसनीय आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
भाषा ओळखण्याचे आधार प्रामुख्याने तीन आहेत. पहिला आधार फाइलच्या नावातील टिंबानंतरच्या अक्षरांचा, म्हणजेच एक्स्टेंशनचा होय. तो सुलभ असला तरी संदिग्ध आहे. ‘पीएल’ हे एक्स्टेंशन पर्ल व प्रोलॉग या दोन्ही भाषांत, तर ‘एच’ हे सी व सी प्लस प्लस या दोहोंत आढळते. दुसरा आधार लेखकाने फाइलमध्येच केलेल्या नोंदीचा. विम व इमॅक्स हे एडिटर अशी नोंद वाचू शकतात. तिसरा आधार मजकुरावरून केलेल्या अनुमानाचा. व्हिज्युअल स्टुडिओ कोडने २०२१ मध्ये नाव न दिलेल्या फाइलींसाठी या कामी मशीन लर्निंगचा अवलंब केला. मात्र मजकूर दोन-चार ओळींचाच असल्यास अनुमान डळमळीत होते.

बाह्य खुणेवरून भाषा ठरविण्यातील धोका हिंगोली जिल्ह्यातील अभ्यासकांस सहज उमगेल. जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत आहेत. केवळ लिपी पाहणारा त्यांस पंजाबी म्हणेल. वस्तुतः त्यांची भाषा मराठीच्या खुणा जपणारी जुनी हिंदी आहे.

देवनागरीतील मराठी लेखनाबाबतही हीच अडचण उद्भवते. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने लिपीवरून भाषेचा निर्णय होत नाही. फाइलची भाषा हिंदी ठरविली गेल्यास शब्दतपासनीस ‘पाणी’ या शुद्ध मराठी शब्दाखालीही लाल रेघ ओढतो. एडिटरच्या चुकीने आज्ञावली बिघडत नाही, तशी या रेघेने मराठीही बिघडत नाही. परंतु विद्यार्थ्यास आपल्याच शब्दाविषयी शंका येऊ लागते, ही हानी गंभीर आहे.

निष्कर्ष :
लेखकाने केलेली नोंद सर्वप्रथम प्रमाण मानावी, त्यानंतर एक्स्टेंशन व शेवटी अनुमान, हा क्रम युक्त ठरतो. एडिटर भाषेचे नाव दाखवितो. ते कोणत्या आधारे ठरले हे सहसा दाखवीत नाही. ही उणीव दूर व्हावयास हवी. तोपर्यंत प्रकल्प लिहिताना फाइलची भाषा ‘मराठी’ अशी स्वतः निश्चित करण्याची सवय प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांस लावावी.