कारण आणि हेतू : विज्ञानकथेतील युद्धाचे दोन नमुने

मराठी विज्ञानकथेची समीक्षा बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. कथेतील विज्ञान कितपत ग्राह्य आहे, हा पहिला प्रश्न. आणि त्या विज्ञानाच्या भाराखाली कथेतील माणसे पातळ झाली आहेत काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी दिले जाते. ते देताना एक गोष्ट मात्र न तपासता गृहीत धरली जाते : कथेतील घटिताच्या मुळाशी पात्राचा हेतू असतो आणि तो हेतू जितका गुंतागुंतीचा, तितके पात्रचित्रण सकस. सामाजिक वा मनोविश्लेषणात्मक कादंबरीच्या वाचनातून सिद्ध झालेली ही कसोटी विज्ञानकथेला जशीच्या तशी लावता येईल काय, याचा विचार व्हावयास हवा. विज्ञानकथेत घटिताच्या मुळाशी हेतूच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्याच्या जागी, एक ‘कारण’ उभे असते. ते निसर्गनियमाचे असेल, यंत्राचे असेल, किंवा संभाव्यतेचे. तेव्हा प्रश्न असा मांडावयास हवा : कथेने कल्पिलेले कारण पात्रांच्या हेतूंना कोणती जागा देते?

युद्ध हा विषय या प्रश्नाच्या परीक्षेसाठी विशेष सोयीचा आहे. युद्धात कारणे आणि हेतू दोन्ही ठळक होतात आणि त्यांची सतत गल्लतही होते. राष्ट्रे कारणे सांगतात. सैनिक हेतूंनी लढतात. आणि मागाहून इतिहास दोहोंचा एकच धागा विणून दाखवतो. प्रस्तुत विवेचनासाठी दोन संहिता निवडल्या आहेत : जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आणि योशियुकी टोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाइल सूट गंडम’ ही ४३ भागांची जपानी चित्रमालिका (१९७९–८०). एक लघुकथा, दुसरी दूरचित्रवाणीसाठी रेखाटलेली दीर्घ युद्धकथा. माध्यमे भिन्न, विस्तार भिन्न. त्यामुळे तुलना गुणवत्तेची नाही, रचनेची आहे. मुंबईच्या उपनगरांतील जे विद्यार्थी वर्गात नारळीकर वाचतात, त्यांच्यापैकी अनेक जण घरी जपानी चित्रमालिका पाहतात. त्यांच्या या दोन वाचनांना जोडणारी परिभाषा मराठी समीक्षेने घडवणे हे केवळ कुतूहलाचे काम नाही.

२

डार्को सुव्हिन यांनी १९७९ साली ‘मेटामॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन’ या ग्रंथात विज्ञानकथेचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून ‘नोव्हम’ ही संकल्पना मांडली. वाचकाच्या अनुभवविश्वात नसलेले, परंतु बुद्धीला पटेल अशा रीतीने मांडलेले, आणि संपूर्ण कथाविश्वाची घडण ठरवणारे एक नवे तत्त्व, असा तिचा आशय आहे. मराठीत तिला ‘नवतत्त्व’ म्हणता येईल.

नारळीकरांच्या कथेतील नवतत्त्व म्हणजे इतिहासाचा फाटा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा जय झालेला आहे. त्या जगात ईस्ट इंडिया कंपनीचा विस्तार खुंटलेला असून हिंदुस्थान परदास्यात गेलेला नाही. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात स्वतःच्याच नावावरील इतिहासग्रंथ चाळताना दोन जगांची वाट कोठे वेगळी झाली, हे गंगाधरपंतांना उमगते : आपल्या जगात विश्वासरावांचा बळी घेणारी गोळी त्या जगात त्यांच्या कानाजवळून निघून गेली आहे. पुढे राजेंद्र हा वैज्ञानिक मित्र आपत्तिसिद्धांत व पुंजवाद यांच्या आधारे या अनुभवाची उपपत्ती लावतो.

येथे पात्रांचे हेतू कोठे आहेत, असे विचारले तर उत्तर विलक्षण मिळते. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, अब्दाली ही या युद्धाची खरी पात्रे. परंतु त्यांना कथेत हेतूच नाहीत. कारण सर्वस्वी गोळीचे आहे आणि गोळीला हेतू नसतो. संपूर्ण कथेत हेतू असलेला माणूस एकच, तो म्हणजे इतिहासकार. त्याला जाणून घ्यावयाचे आहे. युद्धातील हेतू युद्धभूमीवरून उठून ग्रंथालयाच्या मेजावर आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. हे पात्रचित्रणाचे दौर्बल्य नव्हे. जे नवतत्त्व निवडले त्याचा तो अटळ परिणाम आहे. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीशी तुलना केली असता हे स्पष्ट होते. पाटलांना भाऊसाहेबांच्या मनात शिरावेच लागते, कारण त्यांच्या कथनात युद्धाचा निकाल बदलणार नसतो. तो केवळ समजून घ्यावयाचा असतो. नारळीकरांना निकाल बदलावयाचा आहे, म्हणून त्यांना मनाहून हलकी, सहज वळणारी वस्तू हवी आहे.

तरीही या रचनेत एक फट राहते. विश्वासराव पडले एवढ्याने पानिपत हरले नाही. पुतण्या पडल्याचे पाहून भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसून गर्दीत घुसले. रिकामी अंबारी फौजेला दिसली आणि धीर सुटला, अशी परंपरेने आलेली हकीकत आहे. म्हणजे गोळी आणि पराभव यांच्यामध्ये एका माणसाचा शोक उभा आहे. तो शोक नसता तर गोळी केवळ एक गोळी राहिली असती. कारणाच्या पोटात हेतू दडलेला आहे, पण कथेला त्याचा उच्चार करण्याची गरज भासत नाही. मराठीत ‘विश्वास पानिपतात गेला’ असे आजही म्हटले जाते. त्या शब्दश्लेषात समाजाने जपून ठेवलेली गोष्ट गोळीची नाही, तुटलेल्या मनाची आहे. नारळीकरांची कथा या स्मृतीला दिलासा देते. आपण चुकलो नाही, तिळभर अंतराने हुकलो, असा तो दिलासा आहे. मात्र त्याची किंमत अशी, की पराभवाची नैतिक जबाबदारीही गोळीबरोबर निघून जाते.

३

‘गंडम’मध्ये नेमके उलट घडते. मानवजातीचा मोठा भाग अंतराळातील वसाहतींत राहावयास गेला आहे. त्यांपैकी एका वसाहतसमूहाने ‘झिऑन’ या नावाने स्वातंत्र्य पुकारून पृथ्वीच्या महासंघाशी युद्ध आरंभले असून, पहिल्याच काही आठवड्यांत निम्मी मानवजात मारली गेली आहे. एवढ्या प्रचंड संहारात व्यक्तीच्या हेतूला काय स्थान, असे वाटावे. परंतु टोमिनोंनी दोन नवतत्त्वे योजून ते स्थान निर्माण केले आहे. पहिले म्हणजे ‘मिनोव्हस्की कण’. हे कण रडार व दूरसंदेश निकामी करतात; परिणामी दूरवरून मारा करणारे युद्ध अशक्य होऊन माणसाच्या आकृतीची प्रचंड यंत्रे समोरासमोर लढू लागतात. अर्थात विज्ञानाच्या एका कल्पित शोधाने युद्ध द्वंद्वयुद्धापर्यंत मागे आणले आहे. दुसरे नवतत्त्व म्हणजे ‘नवमानव’ : अंतराळवासाने ज्यांची जाणीव एवढी विस्तारली आहे, की दुसऱ्याचे मन त्यांना शब्दांवाचून कळते. पहिले नवतत्त्व शत्रूला दृष्टीच्या टप्प्यात आणते. दुसरे त्याचा हेतू दृष्टीस पाडते. नारळीकरांच्या नवतत्त्वाने हेतू लपवला. टोमिनोंची नवतत्त्वे तो उघडा करण्यासाठीच योजलेली आहेत.

या उघड्या हेतूंची तुलना केली असता त्यांचे तीन प्रकार संभवतात. पहिला जन्मदत्त हेतू. शार अझ्नाबल हा झिऑनचा नामवंत योद्धा. पण त्याचा पिता म्हणजे झिऑनचा मूळ तत्त्वज्ञ. त्याचा घात करून झाबी घराण्याने सत्ता बळकावली, असे शार मानतो. नाव व चेहरा लपवून तो त्याच घराण्याच्या चाकरीत शिरला आहे. गार्मा झाबी या आपल्या सहाध्यायी मित्राला तो सापळ्यात लोटतो आणि मरता मरता त्याला ऐकवतो, की दोष द्यावयाचा तर आपल्या जन्माला दे. पुढे मात्र तो कबूल करतो, की गार्माला मारल्यानंतर सूडात काही उरले नाही. सूड हा मालिकेतील सर्वांत स्पष्ट हेतू आणि तोच सर्वांत आधी पोकळ ठरतो. याच मृत्यूचा उपयोग थोरला भाऊ गिहरेन सार्वजनिक शोकसभेत युद्धज्वर चेतवण्यासाठी करतो. वृद्ध पिता देग्विन याला मुलाचा खाजगी शोक हवा असतो. राज्य त्या शोकाचे कारणात रूपांतर करते. भाऊसाहेबांच्या शोकाच्या अगदी उलट दिशेने जाणारी ही प्रक्रिया आहे. तेथे शोकाने राज्यकारण गिळले. येथे राज्यकारणाने शोक गिळला.

दुसरा प्रकार गरजेतून आलेल्या हेतूचा. बेलफास्टमध्ये राहणारी मिहारू ही अनाथ मुलगी झिऑनसाठी हेरगिरी करते, ती धाकट्या भावंडांच्या पोटासाठी. तिला झिऑनशी देणेघेणे नाही. महासंघाच्या जहाजावर चोरून शिरल्यावर तेथेही लहान मुले आहेत, हे तिला दिसते. आपल्या बातमीने तीच मरणार, हे उमगताच ती बाजू बदलते आणि लढाईत काय शिडन या तरुणाला मदत करताना प्राणास मुकते. दोन-तीन भागांपुरत्या आलेल्या या पात्राचा हेतू शेवटपर्यंत बदलत नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. मुले जगावीत, हाच तो. बदलते ती मुलांची व्याख्या. मालिकेतील कोणत्याही सेनापतीला न साधलेली नैतिक वाढ या हेतूला साधली आहे.

तिसरा प्रकार हेतूच्या अभावाचा, आणि तो नायकाचा आहे. पंधरा वर्षांचा अमुरो रे वसाहतीवर हल्ला झाला म्हणून वडिलांनी घडवलेल्या यंत्रात चढतो. पुढे तो लढतो, कारण दुसरे कोणी ते यंत्र चालवू शकत नाही. आपल्याला बाजूला सारणार, असे कळताच तो रुसून यंत्रासह पळून जातो. रांबा राल या अनुभवी सैनिकाशी गाठ पडल्यावर ‘या माणसाला हरवायचे’ एवढीच ईर्ष्या धरतो. शत्रुसैनिकावर गोळी झाडताना पाहून त्याची आई हादरते, तेव्हा तिला देण्यासारखे उत्तर त्याच्याकडे नसते. हे उणेपण दाखवून देते ती लालाह सून, शारने जिला विपन्नावस्थेतून वर काढले ती मुलगी. युद्धाच्या ऐन मध्यात दोघांची मने एकमेकांना खुली होतात आणि ती त्याला विचारते, की ज्याला रक्षण करावे असे कोणी नाही, घर नाही, तो एवढा कसा लढतो? आपण तर आपल्याला वाचवणाऱ्या माणसासाठी लढतो. हा प्रश्न संपूर्ण मालिकेचा कणा आहे. उत्तर मिळण्यापूर्वीच, शारला वाचवण्यासाठी ती अमुरोच्या शस्त्राखाली येते.

येथे मालिकेची मर्यादाही नोंदवावयास हवी. कपाळावर टिकली असलेली ही भारतीय वळणाची मुलगी सर्वांत मोठ्या आत्मज्ञानाची धनीण आहे. पण तिला दिलेला हेतू केवळ कृतज्ञतेचा, एका पुरुषाच्या आश्रयाचा आहे. गूढ ज्ञान पूर्वेच्या स्त्रीकडे आणि कर्तृत्व दोन योद्ध्यांकडे, ही वाटणी जपानी निर्मात्यांनीही पाश्चात्त्यांकडून उसनी घेतली आहे. दोन पुरुषांच्या स्मृतीत तिचे रूपांतर होते. तिचे स्वतःचे जीवित कथेला नको असते.

४

मराठी समीक्षेला युद्धातील हेतूंचा असा विचार नवा नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील कर्णावरील प्रकरणाचे शीर्षकच ‘मी कोण?’ असे आहे. कर्णाचे शौर्य वा औदार्य या गुणांमागे त्यांनी स्थानाच्या शोधाचा हेतू पाहिला आणि त्या हेतूनेच तो कसा फसत गेला, हे दाखवले. शार हा याच जातीचा योद्धा आहे. एकामागून एक नावे धारण करणाऱ्या या माणसालाही ‘मी कोण’ याचे उत्तर शत्रूच्या मरणात सापडेल, असे वाटत असते. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. महाभारतात हेतू कळला की दुःख खोल होते, पण कळणे हे वाचकाच्या वाट्याचे असते. कर्णाचे मन अर्जुनाला मरणापूर्वी कळत नाही. ‘गंडम’मध्ये ते योद्ध्यांनाच कळते, आणि तरीही हात थांबत नाही. एकमेकांना समजून घेतले तर युद्धे थांबतील, या सद्भावनेला मालिकेने दिलेला हा सर्वांत कठोर नकार आहे. हेतू कळणे पुरेसे नाही. कारणांची यंत्रणा कळण्याच्या आधीच चालू झालेली असते.

या ठिकाणी दोन्ही संहिता एकमेकींना पूरक ठरतात. नारळीकरांची कथा सांगते, की इतिहासाच्या निकालाला हेतूंचा आधार असेलच असे नाही; आपण लावलेले अर्थ मागाहूनचे आहेत. ‘गंडम’ सांगते, की निकाल कोणताही लागो, हेतूंचा हिशोब चुकवता येत नाही. पहिल्या भूमिकेचा धोका हा, की जबाबदारी योगायोगावर ढकलली जाते. दुसरीचा धोका हा, की योद्ध्याच्या व्यक्तिगत वेदनेत निम्म्या मानवजातीचा संहार पार्श्वभूमी होऊन बसतो. दोन्ही संहितांना आपापल्या धोक्याची जाणीव आहे, हे त्यांच्या शेवटांवरून दिसते. गंगाधरपंत त्या विजयी जगात आझाद मैदानावरील सभेच्या रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर जाऊन बसतात आणि जमाव त्यांना बोलू देत नाही. जिंकलेल्या इतिहासालाही इतिहासकाराचे भाष्य नको असते. अमुरोला शेवटी हेतू गवसतो, पण तो विजयाचा नव्हे. यंत्र मोडून पडल्यावर, सोबती वाट पाहत आहेत, आपल्याला परतावयास जागा आहे, एवढेच त्याला उमगते. लालाहच्या प्रश्नाचे हे उत्तर युद्ध संपल्यावर मिळाले, हेच त्यातील खरे दुःख.

मराठी विज्ञानकथेतील माणसे पातळ आहेत, हा आक्षेप यापुढे घेतला जाईल तेव्हा प्रथम त्या कथेचे नवतत्त्व हेतूला कोठे ठेवते, हे विचारावे लागेल. काही कथांत तो लपलेला असेल, काहींत विस्थापित, काहींत केवळ वाचकाच्या मनात. परंतु ज्या कथेत युद्ध आहे, तेथे समीक्षकाने आणखी एक पाऊल पुढे जाऊन पाहावयास हवे : गोळी आणि पराभव यांच्यामध्ये उभा असलेला माणूस कथेने पाहिला आहे काय? पानिपतावरील मराठी विज्ञानकथेने तो अजून पुरता पाहिलेला नाही. रिकामी अंबारी तेथे अजून कथनाची वाट पाहत उभी आहे.