६० मिलिसेकंदांत नेमके काय हलले? : लाइव्ह मायग्रेशनवरील एका शोधनिबंधाची समीक्षा

क्रिस्तोफर क्लार्क व सहकाऱ्यांचा 'लाइव्ह मायग्रेशन ऑफ व्हर्च्युअल मशिन्स' (२००५) हा शोधनिबंध वाचताना एक आकडा तुमच्या लगेच लक्षात राहील. क्वेक ३ या गेमचा सर्व्हर खेळ चालू असतानाच एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेला आणि सेवा जेमतेम ६० मिलिसेकंद थांबली. हा आकडा कोणत्या अटींवर मिळाला, ते पाहू.

पद्धत सोपी आहे. व्हर्च्युअल मशीन चालू ठेवूनच मेमरीची सर्व पेजेस पाठवायची. तेवढ्या वेळात जी बदलली, ती पुन्हा पाठवायची. थोडीच उरली की मशीन क्षणभर थांबवून तीही न्यायची. पण पेजेस नेटवर्कच्या वेगापेक्षा जलद बदलत असतील, तर अशा फेऱ्या वाया जातात. लेखकांनी हा प्रतिकूल प्रयोगही केला. तेथे खंड ३.५ सेकंदांवर गेला. आपल्या पद्धतीची मर्यादा स्वतःच मोजून दाखवणे, हा निबंधाचा मोठा गुण आहे.

निबंधाचे खरे यश मात्र वेगापेक्षा सीमेच्या निवडीत आहे. एकटी प्रोसेस हलवली, तर तिच्या उघड्या फाइली आणि सॉकेट यांची माहिती जुन्या कर्नलमध्येच राहते. लेखकांनी कर्नलसकट सारे हलवले आणि हा प्रश्न टाळला. डिस्क नेटवर्कवर सामाईक आहे आणि दोन्ही मशीन एकाच लॅनवर आहेत, हेही त्यांनी गृहीत धरले.

कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, म्हणून टाळलेला प्रश्न तेथे परत येतो. लिनक्सवरील क्रियू हे साधन प्रोसेसची अवस्था कर्नलकडून एकेक करून गोळा करते. चालू टीसीपी जोडणी पुन्हा उभी करता यावी, यासाठी लिनक्स ३.५ मध्ये (२०१२) खास सोय करावी लागली. प्रोसेसला नव्या मशीनवर जुनाच पीआयडी लागतो. शिवाय सुरू होतानाच प्रोसेसरला साजेसे कोड निवडलेला प्रोग्राम जुन्या प्रोसेसरवर गेला, तर अनोळखी सूचनेवर तो बंद पडतो.

म्हणून ६० मिलिसेकंद म्हणजे 'मायग्रेशनचा प्रश्न सुटला' असे समजू नका. असा निबंध वाचताना आधी विचारा: काय हलवले, आणि काय जागच्या जागी राहिले असे मानले?