घरची भाषा आणि प्राथमिक शिक्षक

पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2022 साली प्रसिद्ध झाला. 3 ते 8 वर्षांच्या मुलांचे शिक्षण घरच्या भाषेतून व्हावे, हा त्यातील आग्रह शास्त्रशुद्ध होय. परंतु तो अमलात आणावयाचा तो शिक्षकाने. उरण तालुक्यातील जासई येथे पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत, तर पुष्कळ घरांतील व्यवहार आगरी बोलीत. आगरीत 'ण'च्या स्थानी 'न' व 'ळ'च्या स्थानी 'ल' येतो. तेव्हा 'पानी', 'डोला' असे लिहिणारे मूल प्रमाद करीत नसून आपल्या बोलीचा नियमच पाळीत असते. परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकास हे कोणी सांगितले नाही, तर त्याची तांबडी रेघ मुलाच्या घरावरच ओढली जाते. प्रशिक्षणाचे दिवस वाढवून ही उणीव भरणार नाही. शिक्षकाच्या हाती बोलीचे अल्पसे, पण नेटके वर्णन हवे: ध्वनिभेद, क्रियापदांची रूपे, आणि खाडी, मिठागर व भातशेतीची शब्दावली. (नवी मुंबईसाठी जमिनी गेल्यानंतर या शब्दांपैकी किती मुलांपर्यंत पोहोचतात, हेही पाहावे लागेल.) डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणमालेत कुडाळीसारख्या बोलींची काटेकोर वर्णने झाली, परंतु ती भाषाशास्त्रज्ञांसाठी होती. वर्गातील शिक्षक त्यांचा वाचक नव्हता.