ग्रेंज: साल मोठं की घराणं?

आधी खर्चाचा हिशेब देऊन टाकतो, कारण तो प्रश्न शेवटी येतोच. पेनफोल्ड्सची ग्रेंज ही ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मानाची रेड वाईन. अलीकडे नवी बाटली बाजारात येते तीच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास. अ‍ॅडलेडमध्ये आम्ही आठ मराठी माणसांनी त्यासाठी चक्क भिशी लावली. जुन्या बाटल्या शोधत, लिलावांवर नजर ठेवत पाच सालं जमवली: १९९०, १९९८, २०००, २००८ आणि २०११. एका शनिवारी पाचही एकदम उघडल्या. आज जे बोलणार आहे ते त्या संध्याकाळच्या जोरावर.

आता, दोन सालांची तुलना करायची म्हणजे नेमकं काय करायचं? एकाच मळ्याची वाईन असेल तर गोष्ट सरळ आहे. माती तीच, वेली त्याच, बदललं ते हवामान. ग्रेंजचं तसं नाही. तिला एक ठरलेला मळा नाही. बरोसा व्हॅली, मॅक्लारेन व्हेल, मॅगिल, दर वर्षी जिथली द्राक्षं उत्तम उतरतील तिथून ती घेतात. मुख्य द्राक्ष शिराज, आणि जोडीला वाटलं तर थोडं कॅबर्ने. १९७१मध्ये हे कॅबर्ने १३ टक्के होतं, २०००मध्ये अजिबात नव्हतं. म्हणजे वाईट सालाचे खड्डे बुजवायची सोय पाककृतीतच आहे. मग बाटलीवर साल छापायचं कशाला? ही शंका मला बरीच वर्षं होती.

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. मॅक्स शुबर्ट हे पेनफोल्ड्सचे मुख्य वाईनमेकर. १९५०मध्ये कंपनीने त्यांना युरोपात पाठवलं, ते मुख्यतः शेरी कशी करतात हे बघायला. परतताना ते बोर्दोला गेले आणि तिथे त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं जुन्या, तरी जिवंत असलेल्या रेड वाईन चाखल्या. असं काहीतरी आपल्याकडे करायचं हे त्यांच्या डोक्यात बसलं. बोर्दोचं कॅबर्ने ऑस्ट्रेलियात तेव्हा पुरेसं नव्हतं, म्हणून शिराज. फ्रेंच ओकच्या ऐवजी नवी अमेरिकन ओकची पिंपं. १९५१ला पहिला प्रयोग झाला.

पुढे सिडनीत जाणकारांना आणि संचालकांना ती पाजली, तर सगळ्यांनी नाकं मुरडली. एकाला म्हणे तिच्यात चिरडलेल्या मुंग्या लागल्या! १९५७च्या हंगामाआधी वरून लेखी हुकूम आला: बंद करा. शुबर्टनी बंद केली नाही. १९५७, ५८, ५९ ही तीन सालं त्यांनी लपवून केली. पण नवी पिंपं मागवली असती तर हिशेबात दिसलं असतं, त्यामुळे जुन्याच पिंपांवर भागवलं. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरत गेल्या, मतं फिरली, आणि १९६०च्या हंगामाला अधिकृत परवानगी मिळाली. ज्या १९५५ला हसले होते तिनेच नंतर प्रदर्शनांमध्ये ढिगाने पदकं मिळवली.

माझ्या मते इथे टीकाकारांची जीभ चुकली नव्हती, घाई नडली होती. कोवळी ग्रेंज खरोखरच अंगावर येते. आणि हीच चूक आजही चालते. फक्त तेव्हा नापास करत होते, आता बाजारात येण्याआधीच शंभरपैकी शंभर देऊन मोकळे होतात.

आमच्या २००८ला असे शंभर गुण दोन अमेरिकन नियतकालिकांनी दिले होते. त्या वर्षी मार्चमध्ये अ‍ॅडलेडला सलग १५ दिवस पारा ३५च्या वर होता. लाट येण्याआधी ज्यांची तोडणी झाली ते वाचले, आणि ग्रेंजची बरीचशी द्राक्षं आधीच तोडलेली होती. पेल्यात काय होतं? जांभूळ, काळं मिरं, आणि भाजलेलं सुकं खोबरं. ते खोबरं अमेरिकन ओकचं. सगळं भरपूर, सगळं एकाच वेळी. भव्य आहे, मान्य. पण आम्ही आठही जण पहिल्या पेल्यानंतर पाण्याकडे वळलो, हेही नोंदवून ठेवतो.

१९९८ याच वळणाची, उष्ण कोरड्या सालाची. पण वयाने तिला शहाणपण आलंय. खोबरं मागे गेलंय, खजूर आणि चामड्याचा वास पुढे आलाय. वर नेलपॉलिशसारखी एक बारीक तीव्र झाक. काहींना तो दोष वाटतो. ग्रेंजमध्ये ती पहिल्यापासून आहे, आणि मला ती हवी असते, नाहीतर एवढं जड अंग हलणार कसं?

१९९०बद्दल फार बोलत नाही, कारण सगळेच बोलतात. १९९५ साली ‘वाइन स्पेक्टेटर’ने तिला वर्षाची सर्वोत्तम वाईन ठरवलं होतं. लेबलवरून ‘हर्मिटेज’ हा शब्द गेला तोही याच सालापासून. आमच्या बाटलीत पातळी जरा खाली उतरलेली होती, धाकधूक होती. पण दोन तासांनीही ती पेल्यात बदलत होती. पाचांत पहिली, निर्विवाद.

२००० थकलेली निघाली. चव जिभेच्या मध्यापर्यंत येते आणि सोडून जाते.

आणि मग २०११. त्या साली दक्षिण ऑस्ट्रेलियात तोडणीच्या दिवसांतही पाऊस हटला नाही, बुरशीने मळेच्या मळे गेले. त्या वर्षी ग्रेंज काढायलाच नको होती असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच होतो. पेल्यात ती सडसडीत होती, करवंदासारखी आंबट, थोडी पालेदार. पण खोबरं तेच, मिरं तेच, ती वरची झाकही तीच. २००८मध्ये ही घराण्याची गायकी ऐकूच येत नव्हती, कारण साल इतक्या मोठ्याने गात होतं. इथे आवाज बसलेला, आणि गायकी लख्ख. माझ्या शंकेचं उत्तर मला या बाटलीत मिळालं. मिश्रण करूनही पाऊस लपला नव्हता. साल छापण्यात प्रामाणिकपणा आहे.

म्हणूनच २०१७मध्ये पेनफोल्ड्सने जी३ काढली तेव्हा मला खटकलं. २००८, २०१२ आणि २०१४ या तीन सालांच्या ग्रेंज एकत्र करून एक बाटली. शँपेनवाले सालं मिसळतात, त्यात गैर काही नाही. पण तीन तगडी सालं निवडून मिसळायची म्हणजे पाऊस दिसायची शक्यताच संपली.

जाता जाता, त्या लपवलेल्या सालांपैकी १९५९ची गोष्ट. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर बॅरी ओ'फॅरेल यांना ही बाटली भेट आली होती. ते त्यांचं जन्मसाल. चौकशी आयोगापुढे त्यांनी अशी भेट आठवत नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांच्याच हातची आभाराची चिठ्ठी निघाली. एप्रिल २०१४मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते भारतात ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त म्हणून आले. नव्या ओकशिवायची ग्रेंज कशी लागते हे मला त्यांना विचारायचं होतं, पण बाटली उघडली की नाही कोण जाणे!

आमची नवी भिशी सुरू झालीय. बहुमत २००४च्या बाजूने आहे. मी एकटाच २०११ची दुसरी बाटली मागतोय, दहा वर्षं ठेवून उघडायला. प्रश्न असतील तर घेऊ या.